दिवे वाढवणारे सर

प्राध्यापक या जमातीविषयी माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर ते चांगलं राहणं शक्यही नसतं. आजवर ज्यांच्या निषेधाची पत्रकं मी काढली त्यांत निम्मे प्राध्यापक होते, आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं पुढं प्राध्यापक होणार होती. तेव्हा बिराजदार सरांविषयी मी काही गोडगोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. त्यांच्याविरुद्धही मी पत्रक काढलेलं आहे. कागद पिवळा, शाई पुसट, आणि मजकूर असा की धरणाऱ्याच्या हाताला चटका बसावा. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मागितली तर सरच रागावतील.

आमचं विद्यापीठ दुसऱ्या जिल्ह्यात आणि सोलापुरात त्याचं नुसतं एक केंद्र. दगडी दुमजली इमारत, तिच्यात आठ-दहा विभाग आणि मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर घातलेली अभ्यासिका. मी राज्यशास्त्राचा, सर पदार्थविज्ञानाचे. म्हणजे तसा आमचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण सरांचा प्रत्येकाशी संबंध यायचाच, कारण ते प्रत्येक खोलीत शिरायचे.

शिरायचे आणि बाकावर चढायचे. पांढरा सदरा, विजारीच्या एका पायाला सायकलची क्लिप (ती काढायचं त्यांना कधी आठवलं नाही, त्यामुळं त्यांचा एक पाय कायम चिमटलेला असे), अशा थाटात ते बाकावर उभं राहून हाताच्या पालथ्या पंजानं बल्ब चाचपायचे. आई पोराचं कपाळ बघते तसं. मग खाली वाकून विचारायचे, "ह्याला ताप आहे. कोण होतं इथं?"

"सर, पोरं आत्ताच गेली."

"आत्ता नाही. चांगलाच तापलाय. दहा मिनिटं तरी एकटाच जळत होता बिचारा."

सर मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, वर्गात इंग्रजी, बाकी सगळीकडं मराठी, आणि राग आला की तिन्ही एकदम. मराठी अगदी अस्खलित, फक्त घाईत लिंगभेद ते मानत नसत. "तो खुर्ची इकडं घे आणि ती पंखा कमी कर," असं चालायचं. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसू नको तम्मा. पंख्याला विचार, तिला काय वाटतं ते." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. विद्यार्थी, शिपाई, वीज मंडळाचा इंजिनियर, सगळे तम्मा.

बटणाविषयी त्यांचं एक म्हणणं होतं, ते पहिल्या तासाला सांगायचे आणि मग वर्षभर सांगायचे. "प्रत्येक बटणाला एक धुराडं जोडलेलं असतं. गिरणीचं धुराडं तुम्हाला दिसतं, म्हणून तिला शिव्या घालता. बटणाचं धुराडं दुसऱ्या गावात असतं, म्हणून त्याला शिवी नाही. इथं खट् केलं की तिथं कोळसा पडतो."

एकदा मीच विचारलं, "पडू द्या की सर. धूर वर जातो."

"आणि वर गेल्यावर?"

"गेला."

"कुठं गेला? तो कर्ब वरच राहतो, तम्मा."

"किती दिवस?"

सर गंभीरपणे म्हणाले, "सोलापुरातला भाडेकरू कधी घर सोडताना बघितलास का?"

त्या काळात हे बोलणारा माणूस आम्हाला वेडाच वाटायचा. धूर वर जातो याचा अर्थ तो संपतो, अशी आमची, सरकारची आणि गिरणीमालकांची एकमुखानं समजूत होती. आमच्यात एकमत असलेली ती एकच गोष्ट.

आमची ओळख पत्रकावरून झाली. मी वीजटंचाईवर एक जळजळीत पत्रक लिहून पदार्थविज्ञानाच्या वर्गाबाहेर वाटत होतो. सरांनी एक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "शोषण भरपूर आहे. वॅट एकपण नाही." मग त्यांनी ते बोटांत धरून हलवून बघितलं. "अजून आहेत?" मला वाटलं, निदान एक माणूस तरी जागा झाला. मी गठ्ठाच दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर वर्गातले सगळे पंखे बंद, आणि चाळीस पोरं-पोरी माझ्या पत्रकांच्या घड्या घालून वारा घेतायत. सर फळ्यापाशी उष्णतेचं वहन शिकवतायत. मला दारात बघून म्हणाले, "ये ये. पुढच्या वेळी जरा जाड कागदावर छाप. क्रांती चांगली आहे, पण वारा कमी येतो."

मी तिथल्या तिथं निषेध नोंदवला. पण पुढचं पत्रक जाड कागदावर छापलं, हेही खरं आहे.

आता म्हशीविषयी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वरच्या मजल्यावर सरांच्या प्रयोगशाळेत एक विजेची भट्टी होती. पत्र्याची, काळी, बसक्या बांध्याची. तिच्याभोवती पाण्याचं कवच होतं, आणि ती हं हं असा आवाज करत रात्रंदिवस चालू असायची. आम्ही तिला म्हैस म्हणायचो. सरही म्हणायचे. "जरा म्हशीला पाणी दाखवून येतो," म्हणून मधल्या सुट्टीत वर जायचे. तिच्या तोंडावर घोंगडीचे तुकडे लावून कुठल्या घोंगडीतून किती उष्णता बाहेर पडते ते सर मोजत होते. मैंदर्गीकडच्या धनगरांकडून आणलेल्या घोंगड्यांची एक थप्पीच तिथं होती, आणि तिच्या वासानं प्रयोगशाळेत शिरताना मेंढवाड्यात शिरल्यासारखं वाटायचं. हे सरांचं पीएचडीचं काम. वर्षानुवर्षं चाललेलं. विद्यापीठानं मुदत वाढवून वाढवून शेवटी 'ही अखेरची' असं कळवलं होतं.

"सर, घोंगडी उबदार असते हे सांगायला पीएचडी कशाला?" असं पोरं विचारायची.

"किती उबदार? सांग. आकड्यात सांग."

सर म्हशीला पाणी दाखवायला जायचे.

आणि मग ते वर्ष आलं. जगात तेलाचे भाव भडकले, इकडं धरणं आटली, कोळशाच्या गाड्या येईनात. वीज मंडळाचं पत्र आलं, की दोन महिन्यांत विजेचा वापर चौथाईनं कमी करा, नाहीतर जोडणी तोडू. आमच्या संचालकांनी बैठक बोलावली. संचालक म्हणजे केंद्राचे सर्वेसर्वा. त्यांच्या खोलीला कूलर होता, आणि तो चालू असताना ते साधेपणावर बोलायचे. ते म्हणाले, "सोपं आहे. संध्याकाळची अभ्यासिका बंद करू."

अभ्यासिकेत बसायचं कोण? मी जाणाऱ्यांपैकी नव्हतो, मला अभ्यासाची सवय नव्हती. बसायचा नरसय्या. त्याचं घर विणकरांच्या वस्तीत. एक खोली, तिच्यात दोन माग, मागांच्या मधे माणसं. माग चालू असेपर्यंत वाचता येत नाही, आणि माग थांबला की दिवा जातो, कारण दिवा मागासाठी असतो. असे साठ-सत्तर नरसय्या होते. बैठकीच्या दाराशी आम्ही घोषणा देत उभे होतो. आतून बिराजदार सरांचा आवाज आला, "अभ्यासिकेला हात लावायचा नाही. चौथाई मी कमी करून देतो."

"आणि नाही झाली तर?"

"तर तिला मी माझ्या हातानं कुलूप लावीन."

सर वीजबचत समितीचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं, म्हणजे मी बाहेर ओरडणार नाही असा संचालकांचा हिशेब. नरसय्या रोज वाटेत गाठून विचारायचा, "अन्ना, ऱ्हातीया का जातीया?" मी म्हणायचो, "राहणार! लढून घेऊ!" तो म्हणायचा, "लढू नको. बटन बंद कर."

सरांनी पहिलं परिपत्रक स्वतः लिहिलं. ते असं होतं: 'सर्व विभागांस कळविण्यात येते की, विजेची बचत व्हावी या हेतूने सायंकाळी पाच वाजल्यानंतर प्रत्येक विभागाने आपापले दिवे कटाक्षाने वाढवावेत. हयगय करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' खाली सही. परिपत्रक लावून सर बाजारात गेले.

आपल्याकडं परिपत्रकाचा पहिला अर्धा भाग वाचायची पद्धत नाही. लोकांनी शेवटचा वाचला आणि ते घाबरले. हेडक्लार्क देशपांड्यांनी भांडारखोली उघडली आणि वर्षानुवर्षं मागूनही न दिलेले बल्ब रडत रडत वाटले. आमच्या विभागप्रमुखांनी घरून टेबलाचा दिवा आणला. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी प्रत्येक कुंडीवर एकेक बल्ब सोडला. दस्तगीरचाचा म्हणजे केंद्राचे सगळ्यात जुने शिपाई. ते शिडी घेऊन झेंड्याच्या काठीपर्यंत पोचले. दिवेलागणीला आमची इमारत गड्ड्याच्या जत्रेसारखी उजळून निघाली. रस्त्यावर टांगे थांबले. एक शेंगावाला गाडी घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला. दोन बायका मला विचारून गेल्या, की नवरी कुठली?

तेवढ्यात सर सायकलवरून आले. उतरले नाहीत, पडलेच.

"अय्यो शिवने! काय केलंत रे हे?"

दस्तगीरचाचा शिडीवरूनच म्हणाले, "वाढाया ना सर! अब्बी एकच बाकी हय, वो झंडे के उप्पर का."

"अरे, वाढवा म्हटलं मी!"

"हौ, वाढायाच की!"

"वाढवा म्हणजे... वाढवा रे!"

"तो और कित्ता वाढाना?"

देशपांडे पुढं आले. त्यांच्या हातात परिपत्रक होतं. "आपलीच सही आहे सर. 'गय केली जाणार नाही' वाचून आम्ही घरचे कंदीलसुद्धा मागवलेत. येतायत."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांचा वावर आहे त्यांना एव्हाना उलगडा झाला असेल. सरांच्या घरी दिवा 'विझव' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते अशुभ. कानडीत आई म्हणायची, दीपा दोड्ड माडु. दिवा मोठा कर. शेजारची मराठी म्हातारी म्हणायची, दिवा वाढव बाळा. दोन्हीचा अर्थ एकच, की फुंकर मार. सरांना दोन्ही भाषांत दिवा घालवायचा हा एकच शब्द येत होता, आणि तो त्यांनी सहीशिक्क्यानिशी छापला होता.

दुसऱ्या दिवशी बैठक. संचालक कूलरसमोर तापले होते. "बिराजदार, 'दिवे विझवा' असं साधं लिहायला काय होतं तुम्हाला?"

सरांनी कानांवर हात ठेवले. "दिवेलागणीला? लेखी? सही करून?"

"तुम्ही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहात हो!"

"विज्ञान विद्यापीठाचं घेतलं, साहेब. शब्द आईचा घेतलाय. तो परत करता येत नाही."

मराठीचे विभागप्रमुख सरांच्या मदतीला धावले. "बरोबरच आहे त्यांचं. नारळ वाढवतो तेव्हा तो भोपळ्याएवढा होतो का? बांगडी वाढते तेव्हा..."

"इथं नारळाचा विषय नाही," संचालक म्हणाले. "अजून एक घोटाळा, आणि अभ्यासिका बंद."

मग सर्वमान्य शब्द शोधणं सुरू झालं. दुसऱ्या परिपत्रकात 'दिवे मालवावेत' असं लिहिलं. देशपांड्यांनी वर शेरा मारून विचारलं, की मालवाहतुकीनं पाठवायचे तर कुठल्या पत्त्यावर? तिसऱ्यात 'दिव्यांस निरोप द्यावा' असं आलं. त्यावर इतिहासाच्या पोरांनी पटांगणात निरोप समारंभच ठेवला. एका जुन्या बल्बला हार घातला, त्याच्या प्रदीर्घ सेवेवर भाषणं झाली, आणि तीही लाऊडस्पीकर लावून. बल्ब भाषणभर चालू होता, कारण सत्कारमूर्तीला अंधारात कसं बसवायचं?

सरांनी परिपत्रकं काढणं सोडून दिलं. पाच वाजले की स्वतः निघायचे. खोलीत शिरायचे, दिव्याकडं बघून हलकेच मान लववायचे, बटण दाबायचे. पुढची खोली. आठवडाभरात मुलंही तसं करायला लागली. काही टवाळकीनं करायची, काही खरंच. माझ्या वर्गातला एक कट्टर नास्तिक बल्बपुढं वाकताना मी स्वतः पकडला. म्हणाला, "अरे, सवय लागली."

पण दिवसासुद्धा दिवे लागायचे, त्याचं काय? सरांनी एका दुपारी कार्यालयाच्या मधोमध उभं राहून विचारलं, "बाहेर ऊन एवढं, की डांबर वितळतंय. आत दिवा कशाला?"

"अंधार असतो, सर," देशपांडे म्हणाले.

"अंधार कुठनं आला?"

सर भिंतीलगतच्या कपाटांवर टकटक करत फिरले आणि एका कपाटापाशी थांबले. "हे ओढा."

कपाटात जुन्या उत्तरपत्रिका होत्या. सहा जणांनी ते ओढलं. मागं खिडकी. दारं उघडली तर उजेड असा आत आला, की फायलींना शिंका आल्या. आणि खिडकीत भलामोठा कडुलिंब. देशपांडे त्या खिडकीला पाठ करून नोकरीला लागल्यापासून बल्बखाली बसत आले होते. ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हितं झाड हाय?" आयुष्यभर शुद्ध बोललेला माणूस. त्या दिवशी घसरला.

मग कपाटं हटवण्याची लाटच आली. ग्रंथालयात तीन खिडक्या निघाल्या. आमच्या विभागात एक निघाली, तिच्यात कबुतरांची पिढीजात वसाहत होती. संचालकांच्या खोलीत नुसती खिडकीच नाही, तर व्हरांड्यात उघडणारं आख्खं दार सापडलं. ते उघडल्यावर असा वारा सुटला की कूलरची गरजच उरली नाही. संचालकांनी ते दार पुन्हा लावून घेतलं. मी त्यावर स्वतंत्र पत्रक काढलं, 'उघडा दार!' तिसऱ्या दिवशी दार उघडलं. माझ्या आजवरच्या चळवळीतला हा एकमेव निर्विवाद विजय.

एवढं होऊनही मीटर हवं तेवढं उतरेना. मुदत जवळ आली. नरसय्या आता 'ऱ्हातीया का जातीया' विचारायचाही बंद झाला. नुसता बघायचा. ते जास्त वाईट.

सर म्हणाले, "रविवारी सगळं बंद करून मीटर बघू."

रविवारी सकाळी सर, दस्तगीरचाचा आणि मी, तिघं मीटरच्या पेटीपुढं. इमारतीत एक दिवा चालू नाही, एक पंखा चालू नाही. आणि मीटरमधली तबकडी गरागरा फिरतेय.

सरांच्या डोळ्यांत चमक आली. "कोणतरी खातंय! सुट्टीच्या दिवशी, गुपचूप, एकटं बसून खातंय!" विजारीची क्लिप सावरून ते निघालेच. आधी कूलर. तो बंद होता. सर नाराज झाले. खरं सांगायचं तर मी जास्त झालो. मग ग्रंथालय, मग कुंड्या. प्रत्येक ठिकाणी सर आधी दबकत जायचे आणि मग एकदम दार उघडायचे. काही नाही.

दस्तगीरचाचा म्हणाले, "सर, ये वायर देखो ना. जिन्यावरनं वर जातीय."

आम्ही वायरीमागं जिना चढलो. पुढं सर. "वर कोण राहतं रे? शोधा! दाखवतोच त्याला!" वायर वरच्या मजल्यावर गेली, व्हरांड्यातून वळली आणि एका बंद दाराच्या वरून आत शिरली. "उघड! किल्ली कुणाकडं आहे?"

दस्तगीरचाचांनी खाली बघितलं. "आपके पास हय, सर."

आतून हं हं असा आवाज येत होता.

सरांनी कुलूप उघडलं. म्हैस आपल्या जागी बसून शांतपणे कोळसा खात होती. घोंगडीचा वास, पाण्याची वाफ. सर स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, "हिला मी कधी धरलीच नाही रे. घरातल्या माणसाचा घास कोण मोजतं?"

मी म्हणालो, "सर, हे कुणाला सांगायचं नाही." माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

सर ताडकन उठले. "का? कूलर असता तर रात्रीत पत्रक काढलं असतंस की नाही?"

"काढलं असतं."

"मग काढ. आत्ता. लिही, मी बघतो."

मी तिथंच बसून लिहिलं. रागानंच लिहिलं, कारण मला खरंच राग आला होता. कुणाचा, ते नीट कळत नव्हतं. सरांनी दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. 'ढोंगी' या शब्दापाशी मात्र ते थांबले. "हे चुकलं. ढोंगी माणसाला आपलं ढोंग ठाऊक असतं. मला नव्हतं. 'गाढव' लिही."

सोमवारी ते पत्रक गाढवासकट सगळीकडं लागलं. संचालकांनी सरांना बोलावलं, आणि प्रतिनिधी म्हणून मीही घुसलो. संचालक एकदम मऊ होते. "बिराजदार, असली पत्रकं मनावर घेऊ नका. मुदत तुमची अखेरची आहे. भट्टी एकदा थंड झाली की सगळी मोजणी पहिल्यापासून, हे मला ठाऊक आहे. केंद्राच्या अहवालात एक डॉक्टरेट दिसायला हवी हो. तुमचं संशोधन चालू ठेवा. अभ्यासिका आपण बंद करू. पोरं काय, कुठंही वाचतील."

सर खिडकीकडं बघत होते. ते म्हणाले, "साहेब, घोंगडी उबदार असते हे सोलापूरला पीएचडीशिवाय ठाऊक आहे. नरसय्या पास होतो की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तो प्रयोग चालू राहू द्या."

त्या दुपारी सर वर गेले. दस्तगीरचाचा आणि मी, आम्ही दोघंही गेलो. सरांनी आधी तांब्याभर पाणी आणून म्हशीच्या कवचात ओतलं.

"सर, बंदच करनी हय तो पानी कायकू?" दस्तगीरचाचा म्हणाले.

"तहानलेली कशी पाठवू रे?"

मग त्यांनी बटण दाबलं. हं हं हळूहळू बारीक होत गेलं आणि थांबलं. प्रयोगशाळेत इतकी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. सरांनी पालथा पंजा तिच्या पाठीला लावला आणि ती निवेपर्यंत ते तसेच उभे राहिले. बराच वेळ लागला. मी निघून आलो. असल्या ठिकाणी उभं राहायचं कसं, हे आम्हाला संघटनेत शिकवलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला मीटर बघायला माणूस आला. चौथाईपेक्षा थोडं जास्तच उतरलं होतं. मी अभ्यासिकेकडं धावत गेलो आणि ओरडलो, "राहिली!" नरसय्यानं वर बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. लोक वाचत होते.

अहवालात हे सगळं 'संचालकांच्या दूरदृष्टीमुळे' झालं असं छापून आलं. मी निषेधाचं पत्रक काढलं. सर म्हणाले, "जाड कागद वापरलास. छान." केंद्रातल्या बाकी सगळ्यांच्या दारांवरच्या पाट्यांत हळूहळू 'डॉ.' लागलं. सरांच्या पाटीवर 'श्री.' राहिलं. त्यांनी घोंगड्यांची थप्पी अभ्यासिकेत आणून टाकली. थंडीच्या दिवसांत पोरं त्या पांघरून वाचत बसायची, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की मेंढरांचा कळपच परीक्षेला बसलाय.

नरसय्या पास झाला. दुसऱ्या वर्गात. सरांनी पेढे घेतले नाहीत, गुणपत्रिका मागून घेतली आणि पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी नसूनही त्याला रागावले, की आणखी पाच टक्के कुठं गेले?

सर निवृत्त होऊन मैंदर्गीला गेले. गेल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी लग्नासाठी सोलापुरात आले होते. दस्तगीरचाचांची सायकल मागून घेऊन ते संध्याकाळी केंद्रावर आले. मी फाटकाशी पोस्टर चिकटवत होतो. आम्ही दोघं अभ्यासिकेत गेलो. गच्च भरली होती. सर एका बाकाच्या टोकाला जरासे टेकले आणि बघत बसले. मी भिंतीशी उभा राहिलो. थोड्या वेळानं वळसंगकडचा एक पोरगा वह्या छातीशी धरून आला.

"आजोबा, तुमी वाचायलाय का नुसतंच बसलाय?"

"नुसताच बसलोय."

"मग उटा की. परीक्षा हाय आमची."

सर झटकन उठले. मी त्या पोराला हे कोण आहेत ते सांगणार, इतक्यात सरांनी माझी बाही ओढली. "गप. त्याचं बरोबर आहे." पोरगा कधीच पुस्तकात शिरला होता.

बाहेर मिट्ट काळोख. सायकलच्या कुलपाला किल्ली लागेना. सर वाकून चाचपडत होते. मी म्हणालो, "सर, अभ्यासिकेचं दार उघडतो. उजेड येईल."

"नको. गार वारा शिरतो आत. पानं उडतील पोरांची."

आणखी थोडं खुडबुडून त्यांनी नाद सोडला. मागून कॅरियरला धरून सायकल उचलली आणि नुसतं पुढचं चाक चालवत ते फाटकाकडं निघाले. तिथला रखवालदार नवा होता, तो आवाज ऐकून अभ्यासिकेपाशीच येऊन पोचला.

"ए! कुनाची सायकल उचलून चालवलीस रं?"

"दस्तगीरची!"

"मग कुलूप कसं हाय तिला? थांब तितंच! ओ पोस्टरवाले, ते अभ्यासिकेचं दार उगडा जरा, उजेडात बघू दे ह्यो कोन हाय!"

"दार उघडू नको रे!" सर मागचं चाक खाली न ठेवता अंधारातून ओरडले. "पोरं वाचायलीत आत. हवं तर मला चोर समज!"